पहिलं घरगुती गाणं मिक्स केलंय: मुखड्यात आवाज बुडतो, फोनवर बेस गायब. कुठे चुकतंय?

कोरी_पट्टी

मंडळी, पहिलंच गाणं घरी रेकॉर्ड करून मिक्स केलंय. फाइल जोडली आहे. कौतुक नको, चुका सांगा.

टेम्पो ९२, स्केल ए मायनर, लांबी ३:४८. रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) २२ ट्रॅक आहेत: किक, स्नेअर, हायहॅट, शेकर (सगळे सॅम्पल), सिंथ बेस, अकूस्टिक गिटारचे दोन टेक, दोन पॅड (मागे लांब धरलेले सिंथचे सूर), पियानो, मुख्य आवाज, मुखड्यात आवाजाचा डबल, तीन हार्मनी आणि बाकी किरकोळ. आवाज कंडेन्सर माइकवर, तोंडापासून साधारण ३० सेंटिमीटरवरून. खोली ३ मीटर लांब, २.७ मीटर रुंद, टेबल खोलीच्या मधोमध. ५ इंची मॉनिटर आणि क्लोज्ड-बॅक हेडफोन आहेत. मास्टरवर (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात तिथे) ईक्यू (ठरावीक कंपनं कमी-जास्त करणारा), मल्टीबँड कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) आणि लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारा). मीटर उणे ७.८ एलयूएफएस (गाण्याचा सरासरी जोर) दाखवतो.

अडचणी अशा: अंतऱ्यात आवाज फार पुढे येतो, पण ०:५२ ला मुखडा सुरू झाला की त्याच फेडरवर (पातळी ठरवणारी सरकपट्टी) बुडतो. वाढवला तरी फरक पडत नाही. फोनवर बेस ऐकूच येत नाही, गाडीत मात्र घुमतो. आणि मुखडा एकूणच गढूळ आहे. गिटारवर २०० ते ४०० हर्ट्झ कापून पाहिलं, तर गिटार पातळ झाली आणि गढूळपणा तिथेच राहिला. रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) प्रत्येक ट्रॅकवर वेगळा टाकलाय.

फेडरखाली

दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा मोनोत (डावं-उजवं एकत्र करून). चाल पक्की आहे, मांडणीही बरी आहे. आता दुखणी.

मास्टरवरचे तिन्ही प्लगइन आधी बंद करा. आवाज बुडण्याचं निम्मं कारण तिथे आहे. लिमिटरला किक, आवाज, गिटार असं काही वेगळं दिसत नाही, त्याला फक्त बेरीज दिसते. मुखड्यात किकचे ठोके सगळ्यात उंच आहेत. प्रत्येक ठोक्याला लिमिटर अख्खं गाणं दाबतो आणि त्यात तुमचा आवाजही खाली जातो. तुम्ही आवाजाचा फेडर वर नेला की बेरीज वाढते, म्हणून तो आणखी दाबतो. फेडर हलवून फरक का पडत नाही, ते इथे कळेल. ०:५२ ते १:०० नीट ऐका, 'स' आणि 'श' किकबरोबर हिंदकळतात.

प्लगइन काढल्यावर गाणं मेंगळट वाटेल. वाटू द्या, मॉनिटरचा नॉब वाढवा. मग सगळे ट्रॅक एकत्र निवडून इतके खाली आणा की मास्टरचं शिखर मुखड्यात उणे ६ डीबीच्या आसपास राहील. मास्टर फेडर शून्य डीबीवरच ठेवा. सुटे ट्रॅक उणे १२ ते उणे १० ला शिखर गाठतील एवढे पुरे. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे बरेचसे प्लगइन सरासरी उणे १८ च्या आसपासच्या पातळीसाठी बनवलेले असतात. त्यात जास्त ओतलं की नको तिथे खरखर येते.

आता फेडर सगळे खाली घ्या, मास्टर मोनो करा आणि मॉनिटर इतका हळू ठेवा की शेजारी बसलेल्याशी साध्या आवाजात बोलता येईल. मोठ्या आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र सूर आपोआप जास्त वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच ते मोजून दाखवलं होतं. म्हणून जोरात ऐकून केलेला मिक्स हळू ऐकला की पोकळ वाटतो. सुरुवात शेवटच्या, सगळ्यात भरलेल्या मुखड्यापासून करा, इंट्रोपासून नको. आधी मुख्य आवाज, मग किक, बेस, स्नेअर, गिटार, पियानो आणि पॅड सगळ्यात शेवटी. पॅडची पातळी बरोबर कधी? बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं, चालू असताना त्याच्याकडे लक्ष जाऊ नये.

गढूळपणाबद्दल: गिटार निर्दोष आहे. मुखड्यात पियानोचा डावा हात बेसचेच सूर वाजवतोय आणि दोन्ही पॅड ११० ते २२० हर्ट्झमध्ये कॉर्ड धरून बसलेत. हे ईक्यूने सुटणारं नाही, वाजवण्यातच बदल हवा. मुखड्यात पियानोचा डावा हात काढून टाका. एक पॅड सप्तकभर वर न्या, दुसऱ्याला २५० हर्ट्झला हायपास लावा, म्हणजे त्याखालचं कापा. मग गिटारवरचा कट काढा. १०० हर्ट्झखाली साफ केली की ती पुरे.

दोन गोष्टी सांगा. बेसवर ६० च्या आसपास बूस्ट दिलाय का? आणि आवाजाचा डबल वेगळा गायलाय की कॉपी आहे?

कोरी_पट्टी

बूस्ट आहे, ६० हर्ट्झला ५ डीबी. त्याशिवाय टेबलावर बेस ऐकूच येत नव्हता. डबल कॉपी आहे. मूळ डावीकडे, कॉपी १५ मिलिसेकंद उशिरा उजवीकडे. रुंद वाटतं म्हणून.

उभी_लाट

बेसचं कोडं तुमच्या खोलीच्या मापातच आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, लांबी ३ मीटर. ३४३ भागिले ६, म्हणजे ५७ हर्ट्झ. समोरच्या आणि मागच्या भिंतीमध्ये या कंपनाची उभी लाट तयार होते. भिंतींशी तिचा दाब सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य. तुम्ही बसलात नेमके त्या खड्ड्यात. त्यात गाणं ए मायनरमध्ये, बेसचा मूळ सूर ५५ हर्ट्झ! जो सूर सगळ्यात जास्त वाजतो तोच तुम्हाला सगळ्यात कमी ऐकू येतो, म्हणून ५ डीबी बूस्ट. गाडीत तोच बूस्ट अंगावर येतो.

टेबल हलवा. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर कान यावेत, म्हणजे समोरच्या भिंतीपासून १.१ मीटरच्या आसपास. रुंदीत मात्र मध्येच बसा, नाहीतर डावं-उजवं सारखं राहणार नाही. मग बेसच्या सिंथवर ई पासून वर एकेक सूर, सगळ्यांना एकच व्हेलॉसिटी (सूर वाजवण्याचा जोर) देऊन वाजवा. एखादा सूर दणकन उठतो, एखादा गायब होतो, ते कागदावर टिपून ठेवा. ते दोष खोलीचे आहेत, ईक्यूने दुरुस्त करायला जाऊ नका. भिंतीला पातळ फोम चिकटवूनही ५७ हर्ट्झ हलणार नाही. त्याला कोपऱ्यात जाड खनिज लोकर लागते, पातळ फोम फक्त वरच्या पट्टीतली टिणटिण मारतो. तोवर खर्जाचा निर्णय हेडफोन आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर या दोघांना विचारून घ्या. हेडफोनचाही स्वतःचा फुगवटा असू शकतो, म्हणून ओळखीचं गाणं लावून तुलना करा.

किककडेही बघा. अ‍ॅनलायझरमध्ये तिचा मूळ सूर ५२ हर्ट्झला दिसतो, म्हणजे जी शार्प. बेस ५५ वर. किकची शेपूट लांब असल्यामुळे दोन्ही एकत्र वाजताना आवाज सेकंदाला ३ या चालीने फुगतो-बसतो, आणि तोच गाडीतला घुमारा. किक एक सेमीटोन वर घ्या किंवा शेपूट छाटा. दोन्ही करून ऐका, जे बरं वाटेल ते ठेवा.

त्यानंतर साइडचेन, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबेल अशी जोडणी. रीपरमध्ये किकच्या ट्रॅकवरून बेसच्या ट्रॅकवर राउटिंग ओढा आणि सेंड ३/४ चॅनेलवर जाईल असं करा. १/२ वर राहिला तर किक बेसच्या ट्रॅकमधूनही वाजेल आणि दुप्पट वाटेल. ही चूक हमखास होते. बेसवर रियाकॉम्प (रीपरचा कॉम्प्रेसर), त्यात डिटेक्टर इनपुट ऑक्झिलरी. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २ ते ५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते १२०. थ्रेशोल्ड (दाबणं सुरू होण्याची पातळी) इतका की ठोक्याला ३ डीबी दबेल. ६ डीबीच्या पुढे गेलात तर बेस श्वास घेतल्यासारखा वर-खाली होईल. एखाद्या शैलीत ते हवंहवंसं असतं, या गाण्यात नाही.

आता फोन. त्या चिमुकल्या स्पीकरमधून ५५ हर्ट्झ येणारच नाही, कितीही बूस्ट द्या. पण १६५, २२०, २७५ हे वरचे सूर ऐकू आले की मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. शुद्ध साइनसारख्या सिंथ बेसमध्ये हे वरचे सूर जवळजवळ नसतातच. म्हणून बेसचा ट्रॅक डुप्लिकेट करा, कॉपीवर सॅच्युरेशन किंवा डिस्टॉर्शन (दोन्ही वरचे सूर तयार करतात) भरपूर द्या, मग १८० ला हायपास आणि २ किलोहर्ट्झला लोपास (त्यावरचं कापा). फेडर अगदी तळापासून वर आणत फोनवर ऐका. बेसची चाल गुणगुणता येऊ लागली की तिथेच थांबा. मॉनिटरवर हा थर वेगळा ऐकू यायला नको. आणि तो ५ डीबीचा बूस्ट काढा, अर्थातच.

शब्दफेक

मी आवाजापुरतंच बोलते.

कॉपी केलेला डबल ताबडतोब काढा. डावीकडे मूळ, उजवीकडे १५ मिलिसेकंद उशिरा, हे स्टिरिओत रुंद वाटतं हे खरं. पण मोनोत दोन्ही एकमेकांवर पडतात. दर ६७ हर्ट्झच्या अंतराने एकेक खाच पडते: ३३, १००, १६७ आणि तशाच पुढे. मुखड्यातला आवाज नळकांड्यातून आल्यासारखा लागतो तो त्यामुळे. शिवाय मुख्य आवाज मधोमध उरलाच नाही, तो दोन्ही कडांना गेला. मध्यभागी किक आणि बेस, आवाज कडेला गिटारींच्या गर्दीत. मग बुडणारच.

मूळ टेक मध्ये आणा. डबल खरा हवा, म्हणजे पुन्हा गायलेला. दोन नवे टेक घ्या, डावी-उजवीकडे ६० ते ७० टक्के पॅन, मुख्य आवाजापेक्षा ८ ते १० डीबी खाली. या डबलच्या ओळींतले शेवटचे 'स', 'च', 'त' कापून टाका किंवा फेड करा. तीन गळ्यांतून तीन वेगवेगळ्या क्षणी 'त' आला की टाळ्या पडल्यासारखं वाटतं. ते व्यंजन एकट्या मुख्य टेकने उच्चारावं. हार्मनीलाही हाच नियम.

नवे टेक घेताना माइक १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा, मध्ये पॉप फिल्टर. सध्याच्या रेकॉर्डिंगमध्ये खोली ऐकू येते, कॉम्प्रेसर लावला की ती आणखी पुढे येते. पाठीमागे आणि बाजूला जाड रजई टांगा. कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो, म्हणून गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत मऊ करणं जास्त महत्त्वाचं. माइकच्या मागे फोमचा अर्धगोल लावून काम भागतं असं अनेकांना वाटतं. एकट्या त्याने फार काही होत नाही. माइक जवळ आणला की खर्ज वाढेल, तो हायपासने काढा.

प्लगइन लावण्याआधी ओळ न् ओळ हाताने समान करा. रीपरमध्ये आयटेम शब्दांच्या मधल्या जागी तोडून त्याचा व्हॉल्यूम वर-खाली करा. ओरडलेला शब्द ३ डीबी खाली, ओळीच्या शेवटी गिळलेला शब्द ३ ते ४ डीबी वर. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि गाताना श्वासही तिथेच संपतो. नेमका अर्थाचा शब्द हरवतो. तुमच्या १:०८ च्या ओळीत हेच झालंय, 'राहिले' मधला 'ले' नाहीच. 'ख', 'फ', 'भ' वर हवेचा धक्का बसला असेल तर तेवढ्याच अक्षरावर १५० हर्ट्झखाली कापा, अख्ख्या ट्रॅकवर नको.

मग आवाजावरच्या प्लगइनची साखळी. हायपास ९० हर्ट्झ. २५० ते ३०० च्या दरम्यान २-३ डीबी कट, तोही सगळी वाद्यं चालू असताना ऐकून ठरवलेला. सोलो करून ईक्यू लावला की आवाज एकटा सुंदर होतो आणि गाण्यात जाड पडतो. पहिला कॉम्प्रेसर जलद, ४:१, फक्त उंच टोकांवर ३ डीबी. दुसरा संथ, २:१ किंवा ३:१, अटॅक २० ते ३०, सतत २-३ डीबी. एकाच कॉम्प्रेसरकडून ८ डीबीचं काम करून घेतलं की तो रडतो. शेवटी डी-एसर (सिसकारी दाबणारा). तुमच्या गळ्यात सिसकारी ६.५ किलोहर्ट्झच्या आसपास आहे, ३-४ डीबी पुरे. जास्त दाबलं तर 'स' चा 'थ' होतो. वरच्या पट्टीला उजेड द्यायचा असेल तर तो डी-एसरच्या आधी द्या.

रिव्हर्ब वीस ठिकाणी कशाला? फक्त दोन सेंड (अनेक ट्रॅकना सामायिक असा रिव्हर्बचा ट्रॅक) करा. एक छोटी खोली, ०.५ सेकंद, सगळ्यांना थोडीथोडी. दुसरी प्लेट (धातूच्या पत्र्यासारखा रिव्हर्ब), १.५ सेकंदाच्या आसपास, प्री-डिले ३० मिलिसेकंद, आवाजासाठी. प्री-डिलेमुळे व्यंजन आधी कोरडं ऐकू येतं आणि रिव्हर्ब मागून लागतो, शब्द बुडत नाही. दोन्ही रिव्हर्बच्या ट्रॅकवर ३०० ला हायपास आणि ७ किलोहर्ट्झला लोपास. प्लगइनमधला ड्राय पूर्ण बंद ठेवा, नाहीतर सेंड वाढवला की कोरडा आवाजही वाढतो. ९२ टेम्पोला आठव्या मात्रेचा डिले ३२६ मिलिसेकंद, डॉटेड हवा तर ४८९. तो फक्त ओळींच्या शेवटी, ऑटोमेशनने (पातळी वेळेनुसार आपोआप बदलून).

हे सगळं झालं की एक परीक्षा घ्या. ज्याने गाणं कधी ऐकलेलं नाही त्याला एकदाच, हळू आवाजात ऐकवा आणि मुखड्याच्या ओळी लिहून काढायला सांगा. तुम्हाला शब्द पाठ आहेत, त्यामुळे तुमचा कान हरवलेली अक्षरंही भरून घेतो. त्याच्या कागदावर जिथे रिकामी जागा राहील तिथे ऑटोमेशन करा.

जुना_टेपडेक

वरचं बहुतेक पटतं, पण मास्टर अगदी कोरा ठेवा हे पटत नाही. २:१ चा एक कॉम्प्रेसर, अटॅक ३०, रिलीज ऑटो, जेमतेम १-२ डीबी दाबणारा, सुरुवातीपासून ठेवला तर फेडर त्याच्यासकट लागतात. शेवटी लावला की लावलेला तोल बिघडतो.

फेडरखाली

@जुना_टेपडेक, सवयीच्या माणसाला चालेल. पहिल्या गाण्यात बिघाड फेडरने झालाय की कॉम्प्रेसरने, हे ओळखता येत नाही. या गाण्याला आधी कोरा मास्टर, पुढच्या गाण्याला तुमची पद्धत.

कोरी_पट्टी

टेबल हलवलं, किक सेमीटोन वर घेतली, पियानोचा डावा हात आणि बूस्ट दोन्ही काढले. डबल पुन्हा गायले. मुखडा मोकळा झालाय, आवाज मध्ये उभा राहतो. बेसचा दुसरा थर फोनवर ऐकू येतो. कमाल आहे!

आता मास्टरवर काहीच नाही आणि मीटर उणे १९ एलयूएफएस दाखवतो. बाजारातलं कुठलंही गाणं लावलं की माझं दुबळं वाटतं. शिवाय मत मागायला फाइल कशी द्यायची?

फेडरखाली

तुलना चुकीची होतेय. ते गाणं मास्टर झालेलं आहे, समजा उणे ९ वर. ते रीपरमध्ये वेगळ्या ट्रॅकवर आणा आणि १० डीबी खाली ओढा. मास्टरवर पुढे काही लावलंत तर हा ट्रॅक मास्टर सेंड बंद करून थेट हार्डवेअर आउटपुटला जोडा, नाहीतर त्याच्यावरही तीच प्रक्रिया होईल. समान पातळीवर आणल्यावरच तुलना करा, आणि ती प्रश्न विचारून: किकच्या मानाने बेस किती? स्नेअरच्या मानाने आवाज किती? मुखड्यात हायहॅट किती तिखट? दर वेळी १०-१५ सेकंद ऐकून परत या. अख्खं गाणं ऐकत बसलात तर कान त्या गाण्यालाच सरावतो.

मत मागायला दोन फाइल द्या. एक मास्टरवर काहीही नसलेली, २४ बिट वेव्ह, शिखर उणे ६ ते उणे ३ च्या दरम्यान. दुसरी फक्त लिमिटर लावलेली, सीलिंग (वरची मर्यादा) उणे १ डीबी ट्रू पीक (सॅम्पलच्या मधलंही धरून खरं शिखर), मुखड्यात जास्तीत जास्त ३ डीबी दाबलेली. सॅम्पल रेट प्रकल्पाचा असेल तोच. १२८ केबीपीएसची एमपी३ देऊ नका, तीत १६ किलोहर्ट्झच्या वरचं सहसा राहत नाही आणि हायहॅटवर बुडबुडे येतात. मग लोक तुमच्या मिक्सऐवजी एमपी३ ला नावं ठेवतील.

आकड्याच्या मागे लागू नका. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर गाणी उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणून वाजवतं. तुमचं उणे ७.८ वालं तिथे ६ डीबी खालीच ओढलं गेलं असतं, दाबून चेपटं केल्याचा फायदा शून्य. यूट्यूब जोराचं गाणं खाली आणतं, पण हळू गाणं वर उचलत नाही. म्हणून फार हळूही सोडू नका. असल्या गाण्याला उणे १२ ते उणे १४ ठीक.

शब्दफेक

आणि 'कसं वाटलं?' असं विचारू नका, 'छान' एवढंच उत्तर येतं. 'दुसऱ्या मुखड्यात हार्मनी जास्त आहे का?' असं विचारा, वेळ लिहा आणि कशावर ऐकलं तेही विचारा. तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर तिथे काहीतरी आहे, भले त्यांनी सुचवलेले उपाय तीन वेगळे असोत.

उभी_लाट

फाइल पाठवण्याआधी रेंडर झालेली (रीपरमधून बाहेर काढलेली) वेव्ह परत रीपरमध्ये टाकून शेवटपर्यंत ऐका. आत्ताच्या फाइलमध्ये ३:४६ ला रिव्हर्बची शेपूट कापली गेलीय. रेंडरमध्ये टेलचा पर्याय चालू करून ४००० मिलिसेकंद द्या.